नऊ जणांची अपवाद यादी

जगभरातली डेटा सेंटरं मोठी कामं रात्री दोन वाजता काढतात. आम्ही आमचं सगळ्यात मोठं काम दुपारी दोनला काढलं, म्हणून मुख्यालयातल्या मंडळींनी माझी भरपूर टिंगल केली. ‘गावंडे मॅडमना रात्रीची झोप प्यारी आहे’ असं कोणीतरी बैठकीत बोलल्याचंही माझ्या कानावर आलं. बोलेना का! ज्यानं आमच्या केंद्राचा भाराचा आलेख आयुष्यात एकदा उघडून पाहिला नाही, त्यानं माझ्या झोपेची काळजी करू नये.

आमच्या बुटीबोरीच्या केंद्रातून अकराशे चाळीस माणसं बोलतात. म्हणजे त्यांचं बोलणं आमच्या यंत्रांतून जातं, तेव्हाच ते बाहेर पडतं. कोणाला अर्धांगाचा झटका आलेला असतो, कोणाचे स्नायू हळूहळू निकामी झालेले असतात. डोकं शाबूत असतं, ऐकू येतं, समजतं, राग येतो, हसू येतं. फक्त जीभ आणि ओठ हुकूम मानत नाहीत. अशा माणसाच्या मेंदूवर, जिथून बोलण्याचे हुकूम सुटतात त्या जागी, टपाल तिकिटाएवढी पातळ जाळी बसवतात. जाळी ते हुकूम टिपते, उशाशी ठेवलेला हँडसेट ते आमच्याकडे पाठवतो, आमचे सर्व्हर त्यांचे शब्द करतात, आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात तो माणूस स्वतःच्या जुन्या आवाजात ‘पंखा कमी करा’ म्हणतो. हे यंत्र एवढं अवाढव्य आहे की कोणाच्या घरात मावत नाही. त्यामुळे आमची वीज गेली, की अकराशे चाळीस माणसं एकाच क्षणी मुकी होतात. नऊ वर्षांत मी ते एकदाही होऊ दिलेलं नाही. एक सेकंदही नाही.

आता दुपारचं. ही माणसं सगळ्यात जास्त कधी बोलतात, ठाऊक आहे? रात्री दोन ते चार. ज्याला कूससुद्धा बदलता येत नाही त्याला झोप कुठून येणार? हँडसेटचा आवाज बंद करून ती मनातल्या मनात बोलत राहतात. कोणाशी, काय, ते आम्ही बघत नाही. आम्हाला फक्त भार वाढलेला दिसतो. आणि दुपारी दीड ते साडेतीन? जेवणं झालेली, सांभाळणारी बाई सतरंजीवर आडवी झालेली, घर सामसूम. आमचा आलेख जमिनीला टेकतो. नागपूर असो, रत्नागिरी असो, पुणे असो, वामकुक्षीच्या बाबतीत महाराष्ट्र एक आहे. म्हणून दुपारी दोन.

त्या अकराशे चाळीसांत एक आमचे हे आहेत. दिवाकर गावंडे, भूकरमापक. सरकारी मोजणी खात्यात पंचवीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. दोन भावांच्या बांधावर मधोमध उभं राहून दोघांशीही हुज्जत घालायची, हा त्यांचा धंदा आणि तोच स्वभाव. रिक्षावाल्याशी रस्त्यावरून, डॉक्टरांशी औषधावरून, माझ्याशी वरणातल्या हिंगावरून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी दोनदा माहेरी निघून गेले होते. दोन्ही वेळा ते आणायला आले आणि येताना बसमध्ये पुन्हा भांडले.

तीन वर्षांपूर्वी मेंदूच्या देठात रक्ताची गाठ अडकली आणि एका सकाळी सगळं थांबलं. जाळी बसवली. दीड महिन्यानं आवाज परत आला, पण माणूस वेगळा आला. जेवायला काय करू विचारलं, की ‘चालेल’. यांना सांभाळणाऱ्या लीलाबाईंना दुपारी दोन तास सुट्टी देऊ का, ‘चालेल’. नणंद, म्हणजे यांची बहीण कुंदाताई, पुण्याहून आल्या की आपल्या सत्संगाची ध्वनिफीत तासभर ऐकवायच्या, तरी हे ‘चालेल’. सगळे म्हणायचे, आजारपणानं माणूस निवळला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. दिवसभर यंत्रांशी झुंजून घरी यायचं आणि घरात कोणी आवाज चढवत नाही, हे सुख मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

म्हणून विशाखापट्टणमची जागा चालून आली तेव्हा मी फार घाबरले नाही. तिथं आमच्या तिप्पट मोठं केंद्र उभं राहतंय, आणि त्याचं प्रमुखपद मला देऊ केलं होतं. बावन्नाव्या वर्षी असा फोन पुन्हा येत नाही. कुंदाताईंनी त्यांच्या घराजवळ एक चांगलं शुश्रूषा केंद्र पाहून ठेवलं, येत्या सोमवारपासून खोली धरली. मागच्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी यांच्या पलंगाशी बसले आणि विचारलं, की मी तिकडे गेले आणि तुम्ही पुण्याला राहिलात तर कसं? हे म्हणाले, ‘चालेल.’ मी डोळे पुसले, यांच्या कपाळाचा मुका घेतला आणि कुंदाताईंना फोन लावला.

इथं आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. जुनं दालन नऊ वर्षांचं झालं होतं. शेजारी नवं दालन उभं केलं, त्यात नवी यंत्रं, आणि मुख्य म्हणजे ऐकण्याची नवी तऱ्हा. जुनं यंत्र अख्खा शब्द ओळखायचं. या माणसाच्या मेंदूत असा नमुना उमटला की तो ‘पाणी’, असा उमटला की ‘पंखा’. प्रत्येकाची जुळवणी वेगळी करावी लागे. आणि माणूस थकला, हुकूम क्षीण झाला, की यंत्र अंदाज बांधायचं: हा एरवी अशा वेळी काय म्हणतो? तेच म्हणून मोकळं व्हायचं. नवं यंत्र शब्दांच्या भानगडीत पडत नाही. जिभेला दाताकडे जायचा हुकूम सुटला की ओठांना मिटायचा, एवढंच ते बघतं, आणि अगदी मंद हुकूमही पकडतं. त्याला काही शिकवावं लागत नाही.

जुन्यातून नव्यात माणसं न्यायची आणि कोणाचंही बोलणं तुटू द्यायचं नाही, हे जमवायला आम्ही दोन्ही दालनांमध्ये पूल बांधला. तीन आठवडे प्रत्येकाचे हुकूम दोन्हीकडे जात होते. दोन्ही यंत्रं ऐकत होती. आवाज मात्र जुन्याचाच बाहेर येत होता. मग दोन्हींचे शब्द शेजारी ठेवून फरक किती टक्के ते काढायचं. फरक कमी असला, की मंगळवारी दुपारी चाळीस-चाळीसच्या गटानं माणसं पलीकडे न्यायची. बोलता बोलता आपण श्वास घेतो ना, तेवढ्या वेळात. फरक पाच टक्क्यांच्या वर असला, तर तो माणूस अपवाद यादीत जायचा आणि जुन्या दालनातच राहायचा. कारण आमचा पहिला नियम आहे: रुग्णाला बदल जाणवता कामा नये. हा नियम मीच लिहिला होता. दुपारी चारला पूल उतरवायचा होता, आणि जो मागे राहील तो पुढची दोन वर्षं मागेच राहणार होता.

मंगळवारी सकाळी अकराला तन्वीर माझ्या खोलीत आला आणि दार लोटून उभा राहिला. तन्वीर काझी माझा उपप्रमुख, कामठीचा. सात वर्षं माझ्या हाताखाली आहे, आणि तो दार लोटतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. अपवाद यादीत नऊ नावं होती. सातवं नाव गावंडे दिवाकर. फरक एकतीस टक्के.

आमच्याकडे शब्द कोणी वाचत नाही, आकडेच बघतात. पण अपवाद निघाला तर त्याची दहा वाक्यं तपासावी लागतात, आणि घरचा माणूस असेल तर ती वाक्यं मी बघायची नाहीत, दुसऱ्यानं बघायची. तन्वीरनं पाहिली होती. तो मला म्हणाला की मजकूर सांगणार नाही, तसं आपलं ठरलेलं आहे. पण दहापैकी आठ ठिकाणी जुनं यंत्र एकच शब्द बोलतंय आणि नवं यंत्र त्याच जागी दुसरा एकच शब्द ऐकतंय, एवढं सांगायला हरकत नसावी.

“कोणता?” मी विचारलं.

“जुनं म्हणतं ‘चालेल’. नवं म्हणतं ‘नको’.”

मग त्यानं खाली बघत सांगितलं, की त्यातलं सगळ्यात स्पष्ट वाक्य मागच्या बुधवारचं आहे, संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांचं. त्याला काही माहीत नव्हतं. त्या वेळी मी काय विचारलं होतं, ते मला माहीत होतं.

त्यानं आणखी एक कागद पुढे सरकवला. नऊही जणांची जुळवणी कोणी केली, त्याची नोंद होती. पत्नी. सून. मुलगा. पत्नी. सातव्या नावापुढे माझं नाव.

ते दीड महिने मला लख्ख आठवले. पडद्यावर यंत्राचा अंदाज उमटायचा, पेशंटनं डोळ्यांनी खूण करायची, आणि शेजारी बसलेल्या घरच्या माणसानं ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं. शिकवणारी मुलगी पहिल्याच दिवशी बजावून गेली होती, की काकू, त्यांना जे म्हणायचंय ते दाबा, त्यांच्या भल्याचं असेल ते दाबू नका. मी मान डोलावली होती. मग दुसऱ्या आठवड्यात व्यायामाला न्यायची वेळ झाली, पडद्यावर ‘नको’ आलं. व्यायाम नको म्हणून कसं चालेल? सांधे धरले असते. मी ‘चूक’ दाबलं. तूप-भात, ‘नको’, चूक. कुंदाताई भेटायला आल्यात, ‘नको’; आता बहीण एवढ्या लांबून आलेली, चूक. यांनी डोळे घट्ट मिटले तर मला वाटायचं, थकले. आपल्याकडे घरोघरी असंच असतं ना? पाहुणा नवऱ्याला विचारतो चहा घेणार का, आणि बायको आतून सांगते, ते साखर घेत नाहीत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण आमच्या घरातलं ते यंत्रानं पाठ केलं, आणि तीन वर्षं यांच्या आवाजात मलाच ऐकवलं.

मला राग आला. आधी यंत्राचा, मग यांचा, मग ज्याचा यायला हवा त्याचा. आणि रागाच्या खाली भीती होती. कारण मला काहीच करायचं नव्हतं. फक्त सही करायची होती. नियम माझ्या बाजूनं होता: फरक एकतीस टक्के, माणूस जुन्या दालनात राहू द्या, त्याला बदल जाणवू देऊ नका. सोमवारी हे पुण्याला गेले असते, मी विशाखापट्टणमला, आणि दर रविवारी फोनवर यांच्या गोड आवाजात ‘चालेल’ ऐकलं असतं. कोणीही मला बोल लावला नसता. पंधरा मिनिटं मी ती यादी समोर घेऊन बसले होते, हे मी लपवत नाही.

तन्वीर म्हणाला, की मॅडम, आपण त्या माणसांनाच विचारू. मी त्याला म्हटलं, कशातून विचारणार? जुन्या यंत्रातून विचारलं, की तुम्हाला नव्यात नेऊ का, तर उत्तर येईल ‘चालेल’. नव्यातून विचारायचं तर आधी न विचारताच न्यावं लागेल. दोन्ही बंद केल्याशिवाय खरं कळणार नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. बंद हा शब्द या इमारतीत नऊ वर्षांत मी कोणाला उच्चारू दिला नव्हता.

मी मुख्यालयाला फोन केला. संचालकांनी मला शांतपणे आठवण करून दिली, की सरकारशी झालेल्या करारात बंद काळ शून्य लिहिलंय आणि नऊ माणसं म्हणजे एक टक्काही नाही. मी म्हटलं, नऊ जणांची यंत्रं प्रत्येकी वीस मिनिटांपर्यंत माझ्या सहीनं बंद होतील, नोंद माझ्या नावावर करा. त्यांनी विशाखापट्टणमचं नाव काढलं. मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आदळला. तन्वीरला सांगितलं, बाकीच्या आठ घरी एकेक माणूस फोनवर बसव. जो कोणी सांभाळायला असेल त्याच्याकडून हँडसेट बंद करून घे आणि डोळ्यांच्या खुणेनं विचारायला सांग. मात्र जुळवणी ज्यानं केली त्यानं विचारायचं नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी विचारायचं. सातव्या घरी मी जाते. विचारायचं काम लीलाबाई करतील.

दोनला काम सुरू झालं. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नसतं, आणि तसंच असावं. पहिला गट गेला. चाळीसांपैकी चारजण त्या वेळी बोलत होते, त्यातले मालवणचे एक आजोबा नातीला गोष्ट सांगत होते, असं त्यांच्या घरच्यांनी नंतर कळवलं. श्वास घ्यायला थांबले आणि पलीकडच्या दालनातून पुढचं वाक्य बोलले. नातीला कळलं नाही, आजोबांना कळलं नाही. सतराव्या गटाला यंत्रं थंड ठेवणाऱ्या एका पंपानं दाब सोडला, मी थांबवलं. तन्वीरनं दुसरा पंप चढवला, सहा मिनिटांनी पुढे गेलो. तीन वाजून आठ मिनिटांनी अकराशे एकतीस माणसं पलीकडे होती आणि एकाचंही अक्षर सांडलं नव्हतं. हाताखालच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी स्कूटरची किल्ली घेतली.

वसाहत केंद्रापासून दहा मिनिटांवर आहे. लीलाबाई मडावी दार उघडून म्हणाल्या, “काहून आल्या बाई आज इतक्या लवकर?” हे जागे होते. मला बघून म्हणाले, काम झालं वाटतं, छान. तो आवाज ऐकून मला रडू फुटायचं तेवढं राहिलं. यातला कोणता शब्द यांचा आणि कोणता माझा, हेच मला सांगता येत नव्हतं.

मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. दोन दालनं, एकतीस टक्के, व्यायाम, तूप-भात, बुधवार संध्याकाळ. काही गाळलं नाही. म्हटलं, आता मी हे बंद करते, आणि लीलाबाई तुम्हाला विचारतील. मी विचारणार नाही. यांच्या आवाजात ‘चालेल’ आलं. मी हात लांब करून हँडसेट बंद केला.

खोलीत एकदम शांत झालं. तीन वर्षांत मी या माणसाला असं मुकं पाहिलं नव्हतं. यांचे डोळे माझ्यावर खिळले होते, आणि त्यात काय होतं ते मला वाचता येईना. पूर्वी हा माणूस नुसत्या नजरेनं घर डोक्यावर घ्यायचा आणि मला त्यातलं सगळं कळायचं.

लीलाबाई शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर क ख ग घ च्या ओळी लिहून घेतल्या. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. आधी त्यांनी सरळ विचारलं, साहेब, नव्या मशीनवर जायचं का? यांनी वर पाहिलं नाही, डोळेही मिटले नाहीत. नजर कागदाकडे नेली. लीलाबाई बोट फिरवू लागल्या. एकेक ओळ, मग ओळीतलं एकेक अक्षर, मग मात्रा. ‘तू’ व्हायला दोन मिनिटं गेली. माझं घड्याळाकडे लक्ष होतं, तीन चाळीस. मधे एक अक्षर चुकलं, यांनी डोळे घट्ट मिटले, आणि लीलाबाईंनी निमूट मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. एवढं साधं मला त्या दीड महिन्यात जमलं नव्हतं. शेवटी त्यांनी कागदावरची अक्षरं जुळवून मला वाचून दाखवली.

“तू ऐकशील?”

मी हो म्हटलं. मग यांनी लीलाबाईंकडे पाहिलं आणि नजर वर केली. हो.

तन्वीरला फोन केला तेव्हा तीन पन्नास झाले होते. त्यानं आधी बाकीच्यांचं सांगितलं: पाचजणांनी नवं मागितलं. सांगलीचे एक गृहस्थ इतके गाढ झोपले होते, की उठवूनही उठेनात, त्यांच्यासाठी तो पुलाची एक तार रात्रभर चालू ठेवणार होता, मी ओरडले तरी. आणि दोघींनी जुनंच राहू द्या म्हटलं. त्यातल्या एकीनं आपल्या मुलीकडून लिहवून घेतलं होतं, की सुनेला माझं गोड बोलणं आवडतं, घरात आता शांतता आहे, राहू द्या. मला ते पटलं नाही. पण ते तिचं स्वतःचं होतं, म्हणून मी काही म्हटलं नाही.

तीन त्रेपन्नला हँडसेटचा दिवा लागला, नव्या दालनातून. सतरा मिनिटं बंद. मी ती वेळ लिहून ठेवली, माझ्या नावावर.

मग यांचा आवाज आला. तोच आवाज, पण चाल वेगळी. शब्द तुटक, मधे थांबणारे, कडेला खरखरीत. म्हणाले, उशी उंच आहे. तीन वर्षं उंच आहे. लीलाबाईंनी धावत जाऊन उशी काढली.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं. मला वाटलं होतं मी माफी मागेन, पण तोंडातून हेच निघालं.

“बोललो. तू चूक दाबलंस.” थांबले. “नंतर थकलो. एक नको काढायला जेवढा दम लागतो, तेवढ्यात चारदा चालेल निघतं.”

मी यांचा हात धरला. हाताला काही कळत नाही, तरी धरला. आणि म्हटलं, चुकलं माझं. सरळ म्हटलं, पुढे ‘पण’ न लावता. हे म्हणाले, हो. फक्त हो. पूर्वीही यांची कोणी माफी मागितली, की हे ‘असू दे’ म्हणणारे नव्हतेच.

मग यांनीच पुण्याचा विषय काढला. कुंदाच्या शेजारी मी राहणार नाही, म्हणाले. सत्संग ऐकून ऐकून कान किटले. मी म्हटलं, ठीक आहे, पुण्याची खोली सोडते, विशाखापट्टणमलाही ‘नाही’ म्हणून कळवते, संस्थेला काय, दुसरं कोणी मिळेल. मी अगदी समजूतदारपणे बोलत होते. तर हे मधेच तोडून म्हणाले, संस्थेचं मला सांगू नकोस.

“तुला जायचंय का?”

मी पुन्हा घरचं, डॉक्टरांचं, लीलाबाईंचं काहीतरी सांगायला लागले. यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. एवढ्या दिवसांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. यांच्या ‘चालेल’वर माझं सगळं भागत होतं.

“मला जायचंय,” मी म्हटलं.

“मग तसं म्हण. मी नको म्हणेन. मग भांडू.”

आणि आम्ही भांडलो. चारपासून सव्वासहापर्यंत. मी म्हटलं, तिथं समुद्र आहे, मोठं इस्पितळ आहे, तुम्हीही चला. हे म्हणाले, तिथली भाषा येत नाही, भांडायचं कोणाशी? मी म्हटलं, माझ्याशी भांडता तेवढं पुरे. मग मोजणी खात्यातल्या कुठल्याशा जुन्या बदलीचा विषय निघाला, तेव्हा मी यांना जाऊ दिलं नव्हतं म्हणे. ते खरं होतं. मी विसरले होते, हे विसरले नव्हते. मी रडले, यांना दम लागला, लीलाबाई मधे येऊन दोघांनाही पाणी देऊन गेल्या.

पुण्याची खोली मी त्याच संध्याकाळी सोडली. विशाखापट्टणमला शुक्रवारी उत्तर द्यायचंय. संचालकांनी ती जागा अजून माझ्यासाठी ठेवलीय की नाही, तेही तेव्हाच कळेल. घरात अजून काहीच ठरलेलं नाही. आज सकाळी मी डबा भरून निघाले, चपला घातल्या, तेव्हा आतून हाक आली. मी दारातून मागे गेले.

“संध्याकाळी लवकर ये,” हे म्हणाले. “माझं बोलून झालेलं नाही.”